मंत्रिमहोदय, गाड्या आम्ही बदलल्या; खांबावरची तार कोण बदलणार?

प्रति,
माननीय वीजमंत्री,
गोवा राज्य, पर्वरी.

महोदय,

सप्रेम नमस्कार.

परवा दुपारी मला आपल्या वीज खात्याचे एक पत्र आले. आडनावातली वेलांटी चुकलेली, तारखेवर दुसरी तारीख गिरवलेली, सही कुणाची ते वाचता येत नाही. मजकूर एका ओळीचा: आपल्या परिसरातील ट्रान्सफॉर्मरची क्षमता संपलेली असल्याने वाढीव भार देता येणार नाही. मग कधी देता येईल, ते लिहिलेले नाही. विचारायला गेलो तर खिडकीतल्या गृहस्थांनी ते पत्र माझ्याच हातातून घेऊन मला वाचून दाखवले. म्हणून आपल्याला लिहितो, आणि चारचौघांसमोर लिहितो.

आपला वेळ मोलाचा आहे याची जाणीव आहे. मुद्दा साधा आहे. डिचोली तालुक्यातल्या आमच्या घरात दोन गाड्या आहेत आणि दोन्ही विजेच्या. पेट्रोलची शेवटची गाडी यंदा शिगमो (आमचा शिमगा) आटोपल्यावर विकली. मुलगा रोज वेर्ण्याला जातो, सून म्हापशाच्या शाळेत शिकवते. घराचा मंजूर भार ५ किलोवॅट, सिंगल फेज. दोन गाड्या, पंखे, फ्रीज, विहिरीवरचा पंप एवढे चालवायचे म्हणून १५ किलोवॅट थ्री फेजसाठी रीतसर अर्ज केला. घराची कागदपत्रे जोडली, इलेक्ट्रिकल काँट्रॅक्टरचा टेस्ट रिपोर्ट जोडला, लागतील ते पैसे भरायची तयारी लेखी दिली. त्यावर आलेले उत्तर वर सांगितलेच.

आपण म्हणाल, ५ किलोवॅटमध्ये भागत नाही का? कागदावर भागते. मुलाची गाडी दिवसाला १५ युनिट खाते, सुनेची सहा. पंधरा अँपिअरच्या सॉकेटवर ताशी साधारण सव्वातीन युनिट भरतात. म्हणजे साडेसहा तास झाले. रात्र तर दहा तासांची असते, मग अडचण कसली? अडचण अशी की दोन्ही गाड्या एकदम लावल्या की साडेसहा किलोवॅट होतात आणि एमसीबी, म्हणजे जादा भार आला की वीज तोडणारा खटका, खाली पडतो. म्हणून एकीमागून एक लावायची. त्यातही संध्याकाळी सातनंतर वाड्यावरचे, म्हणजे आमच्या वस्तीतले, एसी, पंप, इंडक्शन सुरू झाले की व्होल्टेज बसते. हॉलमधल्या स्टॅबिलायझरवर १७० चा आकडा दिसू लागतो, ट्यूबलाइट फडफडते, आणि पोर्चमध्ये गाडीच्या चार्जरवरचा हिरवा दिवा लाल होतो. पुन्हा लावा, दोन मिनिटे हिरवा, पुन्हा लाल. वाडा अकराच्या सुमारास झोपतो तेव्हा कुठे दाब सुधारतो. आता मोजा: अकरा ते सकाळी सहा, सात तास. लागतात साडेसहा. मध्ये अर्धा तास लाईट गेली तर सून शाळेत कशी जाणार, हे ज्याने त्याने ठरवावे.

मुलाची गाडी पहाटे चारला भरते. मग तिची वायर काढून सुनेच्या गाडीला लावायची. हे काम माझ्याकडे आहे, कारण मी निवृत्त. पूर्वी नळाच्या पाण्यासाठी लोक अशी पाळी लावत. चारचा गजर लावून, टॉर्च हातात घेऊन, पावसात छत्री मानेत अडकवून मी पोर्चमध्ये जातो. रक्तदाबाची गोळी वाढली. डॉक्टर विचारतात झोप पुरेशी होते का, आणि मी त्यांना ट्रान्सफॉर्मरची गोष्ट सांगत बसतो. आमच्या सौ.चे म्हणणे, पेट्रोलची गाडी होती तेव्हा निदान घोरायचात तरी.

आणि अर्थिंग! हे आपल्या खात्यातल्या इंजिनिअरांना तरी कळेल. आमची जमीन जांभ्याची. चिरा चांगला, घर थंड राहते, पण उन्हाळ्यात तो कोरडा ठणठणीत होतो आणि अर्थिंग मिळत नाही. जुन्या गाडीला त्याचे काय होते? विजेच्या गाडीचा चार्जर मात्र अर्थ नीट नसेल तर चालूच होत नाही, आणि नाही झाला तेच बरे, कारण नाहीतर माणूस चिकटायचा. इलेक्ट्रिशियनने परसात खोल खड्डा खणला, कोळसा आणि मीठ भरले, तांब्याची पट्टी पुरली. एप्रिल-मेमध्ये त्या खड्ड्यात रोज कळशीभर पाणी ओतावे लागते. तुळशीला आणि अर्थिंगला, दोघांना पाणी घालतो. गाडी घेताना शोरूमवाल्याने हे सांगितले नव्हते. सरकारच्या जाहिरातीतही नव्हते.

घरी नाही तर बाहेर चार्ज करा, असा सल्ला मला त्याच खिडकीतून मिळाला. तर बाहेरचे ऐका. ॲपवर हिरवी खूण आणि 'उपलब्ध' असे दिसते म्हणून हायवेवरच्या एका स्टेशनावर गेलो. स्क्रीन काळा. चार्जिंगची गन निळ्या प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून रबराने बांधलेली, म्हणजे पावसाची काळजी कुणीतरी घेतली होती, दुरुस्तीची नाही. दिलेल्या फोन नंबरवर बंगळुरूचा कुणी मुलगा अत्यंत नम्रपणे म्हणाला की त्यांच्याकडे मशीन चालू दिसते आहे. दुसऱ्या ठिकाणी मशीन चालू होते, पण समोर काळी पाटी, पिवळी अक्षरे: रेंट-अ-कारची पेट्रोल गाडी लावून पर्यटक जेवायला गेलेले. तिसऱ्याचे ॲप निराळे, त्यात आधी पैसे भरा. आणि एवढे सगळे जमलेच तर युनिट वीस रुपयांच्या घरात, वर अठरा टक्के जीएसटी. गाडी घेताना पाच टक्के आणि गाडी भरताना अठरा. हे दिल्लीचे काम आहे, आपले नाही, ठाऊक आहे मला. पण आपले पक्षाचे वजन दिल्लीत आहे असे निवडणुकीत ऐकले होते.

त्या काळ्या पाटीवरून आठवले. जुलै २०२३ मध्ये मुख्यमंत्र्यांनी जाहीर केले होते की जानेवारी २०२४ पासून गोव्यात येणारे प्रत्येक नवे पर्यटक वाहन, भाड्याची मोटार असो वा दुचाकी, विजेचेच असेल. देशभरच्या पेपरांनी छापले. कळंगुटला जाऊन बघा, किंवा मोपा विमानतळाच्या बाहेर उभे राहा, किती भाड्याच्या गाड्यांना सायलेन्सर नाही ते मोजा. डिसेंबर २०२१ मध्ये सरकारचे इलेक्ट्रिक वाहन धोरण आले. २०२५ पर्यंत नोंदणी होणाऱ्या वाहनांत तीस टक्के विजेची, असे त्यात ध्येय. सोबत सबसिडी. लोकांनी बुकिंग केले, शोरूममध्ये वेटिंग लागले, आणि २०२२ च्या जुलैअखेर सबसिडी बंद. आठ महिन्यांत! आमच्याकडे पावसाळी भेंडीचा वेलसुद्धा याहून जास्त टिकतो, असे म्हणणार होतो, पण भेंडीला वेल नसतो, आणि राग आला की माणूस काहीही लिहितो. आम्ही पहिली गाडी त्यानंतर घेतली, पूर्ण पैसे मोजून. सबसिडी मागायला हे पत्र नाही. तार मागायला आहे.

आणखी एक ध्येय आहे आपल्या सरकारचे, २०५० पर्यंत शंभर टक्के नवीकरणीय ऊर्जा. छान. तेव्हा मी नव्वदीत असेन आणि चारला उठायची सवय पक्की झालेली असेल.

सरकारला लोकांनी पेट्रोल सोडायला हवे आहे का, हाच मला पडलेला प्रश्न आहे. २०१२ मध्ये पर्रीकर सरकारने पेट्रोलवरचा व्हॅट जवळजवळ काढून टाकला आणि लिटरमागे अकरा रुपये उतरले. आजही डिचोलीच्या बाजारात लोक त्याची आठवण काढतात. पुढे तो कर हळूहळू परत चढला, २०२४ च्या जूनमध्ये पुन्हा एकदा. मी पेट्रोल पंपावर जायचा बंद झालो म्हणजे तिजोरीतले तेवढे पैसे बुडाले. मग तिजोरी सांभाळणाऱ्याला माझा ट्रान्सफॉर्मर बदलायची घाई का असावी? मी किलोमीटरला रुपयाभरात फिरतो. पूर्वी सहा-सात रुपये लागायचे, त्यातला आपला वाटा आपल्याला मिळायचा. आता माझे वीजबिल चारशे युनिटांच्या वरच्या स्लॅबमध्ये गेले आहे, पण त्यातून आपली भूक भागत नसावी.

बरे, मी हे सगळे निसर्गासाठी केले म्हणावे तर तेही धड नाही. गोव्याची स्वतःची वीज नावापुरती. बरीचशी येते छत्तीसगडातल्या कोरब्याहून, कोळसा जाळून. दर ठरवणारा आयोग बसतो गुडगावात. वीज छत्तीसगडची, दर गुडगावचा, आणि तार तेवढी आमच्या माडावरून जाते, जिच्यावर पहिल्या पावसात झावळ पडली की वाडा काळोखात. छत्तीसगडच्याच तमनारची उच्चदाब वाहिनी मोलेच्या जंगलातून न्यायचे ठरले तेव्हा २०२० साली आमची सून मोलेच्या बाजूने फलक घेऊन उभी होती. आज तीच मला विचारते, बाबा, आपण विजेसाठी भांडतोय की जंगलासाठी? मी म्हटले, दोन्हीसाठी. गावच्या खांबावरचा ट्रान्सफॉर्मर बदलायला मोलेतले एकही झाड तोडावे लागत नाही. दोन्ही गोष्टी एकाच गाठोड्यात बांधून आम्हाला 'विकासाचे विरोधक' म्हणायची सोय मात्र छान होते.

तिकडे खाणी पुन्हा सुरू होत आहेत. डिझेलचे ट्रक आमच्या रस्त्यावरून लाल धूळ उडवत जातात, मुरगाव बंदरात कोळसा उतरतोच आहे, आणि गोव्याची हवा शुद्ध ठेवायची जबाबदारी आली आहे माझ्या सुनेच्या छोट्या गाडीवर, जी रात्री चारशिवाय भरत नाही! शेजारचे भाऊ एकदा कुंपणावरून म्हणाले, सरकार सांगते ते ऐकायचे असते, करायचे नसते. भाऊ दहावी नापास आहेत. डिझेलची जीप चालवतात आणि सुखाने झोपतात.

छतावर सोलर घाला, असेही आपण सांगाल. पंतप्रधान सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला ७८ हजारांचे अनुदान आहे, मी वाचले आहे. घालणारही आहे. पण दिवसा सूर्य असतो तेव्हा दोन्ही गाड्या कामावर असतात. दिवसाची वीज ग्रिडला द्यायची आणि रात्री परत घ्यायची, तर त्यासाठीही तीच तार आणि तोच ट्रान्सफॉर्मर. तुमची वाट चुकवून जायला दुसरी वाट नाही, मंत्रिमहोदय.

केंद्राच्या जानेवारी २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत लिहिले होते की कुणीही आपल्या घरच्या वीजजोडणीवर गाडी चार्ज करू शकतो. करू शकतो, पण जोडणीत दम कुणी घालायचा? धोरण लिहिणारा एक, सबसिडी बंद करणारा दुसरा, विजेच्या गाडीला हिरवी नंबरपाटी देणारा तिसरा, खांबावर चढणारा लाईनमन चौथा, आणि यातले कुणी कुणाशी बोलत नाही. आरटीओत हिरव्या पाटीची नोंद होते तेव्हा ती गाडी कुठल्या वाड्यावर जाते हे सरकारला कळलेलेच असते. ती यादी वीज खात्याकडे पाठवली तर कुठला ट्रान्सफॉर्मर कधी भरणार हे आधीच समजेल. यासाठी सल्लागार नेमून सादरीकरणे करून घ्यायची गरज नाही. एक कारकून आणि एक वही पुरे.

मला काय हवे ते सांगतो. आमच्या वाड्यावरच्या ट्रान्सफॉर्मरची क्षमता किती, त्यावर आज भार किती, आणि तो कुठल्या तारखेला वाढवणार, एवढे लेखी द्या. तोवर सात ते अकरामधला दाब निदान चार्जर चालेल एवढा राहील अशी काही सोय करा, वाटल्यास फेज वाटून द्या. वाड्यातली अर्धी घरे एकाच फेजवर लोंबकळत आहेत, हे लाईनमनच खाजगीत सांगतो. चार्जिंगच्या जागेत पेट्रोलची गाडी लावणाऱ्याला दंड करा. आणि सार्वजनिक चार्जरला सरकारने जागा दिली असेल तर तो बंद पडल्यावर किती दिवसांत दुरुस्त झाला पाहिजे, ते करारात लिहून घ्या. नसेल लिहिले तर का नाही लिहिले, हे मी माहिती अधिकारात विचारणारच आहे. दहा रुपये फी आहे, आणि तीस दिवस मी थांबू शकतो.

उत्तर मात्र गणेशचवथीच्या आत द्या. पुण्याहून धाकटा भाऊ सहकुटुंब येतो. गेल्या वर्षी माझेच ऐकून त्यानेही विजेची गाडी घेतली आहे. चोर्ला घाट उतरून तो आमच्या दारात पोचेल तेव्हा बॅटरी संपत आलेली असेल, वाड्यावर गणपतीवर बांधायच्या माटोळ्यांच्या लायटिंगची भर पडलेली असेल, आणि पोर्चमध्ये तिसरी गाडी उभी राहील. त्याला गाडी आणायला सांगू की कदंबची बस पकडायला सांगू, तेवढे कळवावे.

आपला,
एक वीजग्राहक
डिचोली