सही करायच्या आधी

नागपूर
रविवार, 9 नोव्हेंबर 2025

प्रिय मैत्रेयी,
सप्रेम जयभीम.

फोन तू मध्येच ठेवलास, त्याचं मला काही नाही. पण ठेवण्याआधी जे म्हणालीस ते डोक्यातून जात नाही. "आई, तू इंदोऱ्यात बसून बोलतेस. व्हिसा माझा आहे." बरोबर आहे. म्हणूनच या पत्रात व्हिसाचं नाव काढायचं नाही असं ठरवून बसले आहे. फोनवर आपण दोघी एकाच वेळी बोलतो, आणि मधूनच तुझे बाबा ओरडून विचारतात, तिकडे ब्रिटनमध्ये थंडी पडली का. पत्रात निदान मला कोणी तोडणार नाही.

तुझ्या मालकाचा मेल वाचला. चिंटूने मोठ्या अक्षरांत छापून आणून दिला. जन्मभर नववी-दहावीला इंग्रजी शिकवलं, तेव्हा एवढं सांगू शकते की व्याकरणात चूक नाही. पण उद्या तुमच्याकडे नवा माणूस आला आणि त्याने हा मेल वाचला, तर साहेब काय बोलले आणि कोणाला बोलले हे त्याला कळणार नाही. ग्राहकांसमोर, जेवणाच्या टेबलावर, तुझ्याकडे बोट करून म्हणायचं की ह्यांना कमी पगार चालतो, एका खोलीत दहाजण झोपतात. टेबलभर हसू. आणि माफीत लिहायचं, "त्या दिवशीच्या प्रसंगाबद्दल दिलगीर आहे". कुठला प्रसंग? लग्नाचा?

वर एच.आर.चा तो कागद. माफी स्वीकारली, विषय संपला, पुढे तक्रार नाही. तीन ओळी. तू म्हणालीस, "साध्या तीन ओळी तर आहेत." मला त्या तीन ओळींचीच भीती वाटते. मालकाच्या तोंडाची नाही वाटत, तसली तोंडं मी पाहिली आहेत.

दादा म्हणतो, एवढा मोठा माणूस, खासदारांबरोबर फोटो असलेला, पक्षाला देणग्या देणारा, स्वतःहून माफी मागतो हे काय कमी आहे? दादाचा स्वभाव तुला माहीत आहे. मी त्याला म्हटलं, मैत्रेयीनेच मला मागच्या वर्षी फ्रँक हेस्टरची बातमी वाचून दाखवली होती, तिलाच विचार.

आठवते ना? तुझं एम.एस्सी. चालू होतं. लीड्सकडचा तो सॉफ्टवेअरवाला. तुमच्याकडच्या सरकारी दवाखान्यांत डॉक्टर लोक पेशंटची नोंद ठेवतात त्यातलं एक मोठं सॉफ्टवेअर त्याच्या कंपनीचं. 2023 मध्ये त्याने आणि त्याच्या कंपनीने मिळून हुजूर पक्षाला 1 कोटी पौंड दिले. मार्च 2024 मध्ये 'गार्डियन'ने छापलं की 2019 च्या एका बैठकीत तो डायन ॲबट यांच्याबद्दल बोलला होता. त्यांना पाहिलं की सगळ्याच काळ्या बायकांचा द्वेष करावासा वाटतो, आणि त्यांना गोळी घातली पाहिजे. ॲबट म्हणजे 1987 मध्ये ब्रिटिश संसदेत निवडून गेलेली पहिली काळी बाई. हेस्टरचा खुलासा आला की आपण उद्धट बोललो हे खरं, पण त्याचा तिच्या रंगाशी किंवा बाई असण्याशी संबंध नव्हता, आणि बैठक खाजगी होती. तिला फोन करून माफी मागायचा प्रयत्न केला म्हणे.

आणि त्याच दिवसांत आपल्यावरचंही छापून आलं होतं, ते तू हसत हसत वाचलंस आणि मग गप्प झालीस. खोलीत गर्दी झाली तेव्हा त्याने विचारलं, भारतीयांना जागा उरली नाही का? मग छतावर चढा, तिकडच्या रेल्वेसारखे.

ऋषी सुनक तेव्हा पंतप्रधान. ते झाले त्या दिवाळीत आपल्या कॉलनीत पेढे वाटले होते लोकांनी, जणू भाचाच गादीवर बसला. सुरुवातीला त्यांचं कार्यालय या बोलण्याला वर्णद्वेषी म्हणायलाच तयार नव्हतं. मंत्रिमंडळातल्या केमी बेडनॉक तसं म्हणाल्या, मग संध्याकाळपर्यंत सुनक यांच्या कार्यालयानेही म्हटलं. आणि लगेच पुढे, त्याने माफी मागितली आहे, पश्चात्ताप झाला आहे, तो स्वीकारला पाहिजे. पैसे परत केले नाहीत.

मला तेव्हाही हेच खुपलं होतं आणि आता तुझ्या बाबतीतही तेच खुपतंय. शिवी बसली ॲबटबाईंना. माफी मागणं हेस्टरचं काम, माफ करायचं की नाही हे बाईंचं. मध्येच ज्याच्या तिजोरीत त्याचे पैसे पडले आहेत तो उठून सांगतो, झालं, मिटलं. त्याला कोणी विचारलं होतं? त्या आठवड्यात संसदेत प्रश्नोत्तरं झाली, दोन्ही पक्षांचे नेते बाईंबद्दल बोलले, आणि बाई स्वतः बोलायची परवानगी मागत चाळीसहून जास्त वेळा जागेवरून उठल्या. सभापतींनी त्यांचं नाव पुकारलं नाही. वेळ संपला होता म्हणे.

तू म्हणशील, ॲबटबाई तरी कुठे धुतल्या तांदळाच्या. नाहीतच. 2023 च्या एप्रिलमध्ये त्यांनी 'ऑब्झर्व्हर'ला पत्र लिहिलं की ज्यू, आयरिश आणि भटक्या लोकांना पूर्वग्रह सोसावा लागतो, पण काळ्यांसारखा आयुष्यभर वर्णद्वेष नाही. ते लिहायला नको होतं. त्यांनी त्याच दिवशी ते मागे घेतलं, माफी मागितली. त्यांच्या मजूर पक्षाने त्याच दिवशी त्यांना निलंबित केलं आणि परत घ्यायला वर्षाहून जास्त काळ घेतला. यंदा जुलैत एका मुलाखतीत त्या म्हणाल्या की त्या प्रकरणाचा पश्चात्ताप वाटत नाही, तर पुन्हा निलंबन. पक्ष वेगळे आहेत, कबूल. शिस्त लावली तर लावली. पण देश एक, आणि तेच एक-दोन वर्षं. इकडे माफी मागितल्यावर चौकशी सुरू झाली, तिकडे माफी मागितल्यावर पक्षाने विषयच मिटवला. बाईंनी कोणाला 1 कोटी पौंड दिलेले नव्हते.

आपल्याकडे वेगळं आहे असं समजू नकोस. 2017 मध्ये भाजपचे तरुण विजय टीव्हीवर म्हणाले की आम्ही वर्णद्वेषी असतो तर दक्षिणेतल्या काळ्या लोकांबरोबर राहिलो असतो का, आणि मग माफी. 2024 च्या ऐन निवडणुकीत काँग्रेसचे सॅम पित्रोदा म्हणाले की पूर्वेकडचे चिन्यांसारखे दिसतात, दक्षिणेकडचे आफ्रिकन लोकांसारखे. राजीनामा दिला, पुढच्याच महिन्यात पुन्हा त्याच खुर्चीवर. एक या पक्षाचा, एक त्या पक्षाचा. आणि इथे नागपुरात बर्डीच्या बाजारात ईशान्येकडच्या पोरींना काय काय म्हणतात ते तर तू कॉलेजात असताना ऐकून यायचीस आणि भांडून यायचीस. ते भांडण माझ्याकडून शिकलीस असं तुझे बाबा म्हणतात. म्हणू देत.

हे भाषण झालं. माफ कर, शाळा सुटली तरी फळा सुटत नाही.

मला खरं सांगायचं होतं ते माझ्या शाळेचं. तू लहान होतीस, तुला अर्धवट ठाऊक आहे. आमचे संस्थाचालक मोठे माणूस, तिकीट कोणाला द्यायचं ते त्यांना विचारून ठरायचं असं म्हणत. निकालाच्या दिवशी स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर माझ्या इंग्रजीच्या निकालावर बोलले. निकाल चांगला लागला होता म्हणून बोलले. "यांना सवलतीचे मार्क वाटायची सवय असते." मग जात काढली. मी खडूची पेटी हातात घेऊन उभी. कोणी तरी मला चहा दिला.

दोन दिवसांनी केबिनमध्ये बोलावलं. दार लोटलेलं. टेबलावर संत्रा बर्फीचा डबा. म्हणाले, बाई, मस्करी होती, मोठ्या भावाचं मनावर घेऊ नका. बोलले ते पंधरा जणांसमोर आणि माफी चार भिंतींत. मी डबा तिथेच ठेवून आले, कारण मला खोकला होता, असं सांगितलं. शूर वगैरे काही नव्हते.

वकील नात्यातलाच होता. म्हणाला, 1989 चा ॲट्रॉसिटीचा कायदा आहे, पण अपमान लोकांच्या नजरेसमोर झाला हे दाखवावं लागेल, साक्षीदार आण. स्टाफरूममधले सगळे तेव्हा नेमके वह्या तपासत होते, कोणालाच काही ऐकू आलं नव्हतं. एकटा शिपाई म्हणाला, मॅडम, मी येतो. त्याची नोकरी सगळ्यांत कच्ची. मी त्याला येऊ दिलं नाही. तो आता नाही. त्याच्या मुलीच्या लग्नात तू जिलेबी खाऊन आजारी पडली होतीस, ती हीच.

रडत घरी आले तर तुझे आजोबा ओट्यावर बसलेले. एम्प्रेस मिलमध्ये साच्यांवर आयुष्य गेलेलं, कान निम्मे गेलेले. म्हणाले, "काहून रडते वं? माफी मांगतली ना त्यानं? मंग तुह्या वाढीचा कागद काहाडला का?" माझी वेतनवाढ तेव्हा संस्थेने अडवून ठेवली होती. तो कागद काही निघाला नाही. माफीनंतर तर आणखी खाली गेला. आजोबांचं एकच असायचं, तोंडी देणं-घेणं करायचं नाही, अर्ज द्यायचा आणि पोच घ्यायची. 14 ऑक्टोबर 1956 ला दीक्षाभूमीवर होते ते, तरुण होते. त्याबद्दल फार बोलायचे नाहीत. मिलच्या पोचपावत्यांबद्दल मात्र तासभर बोलायचे. मी अर्ज देत राहिले, प्रत्येकाची शिक्का मारलेली प्रत फाइलला लावत राहिले. वेतनवाढ थकबाकीसकट मिळाली. संस्थाचालकांना माफ केलं की नाही ते मी आजपर्यंत ठरवलेलं नाही, आणि त्यासाठी कोणी मला तारीख दिलेली नाही.

म्हणून तुझ्या त्या कागदाबद्दल. चिंटू आणि मी दोन दिवस वाचत होतो. तुमच्याकडे 2010 चा समानता कायदा आहे, त्यात रंग, राष्ट्रीयत्व, वंश सगळं येतं. त्याखालचा तुझा हक्क नुसत्या अशा तीन ओळींनी सुटत नाही. हक्क सोडायचा तर रीतसर करार लागतो आणि तुझ्या बाजूच्या स्वतंत्र सल्लागाराचा सल्ला लागतो, नाहीतर अ‍ॅकास, म्हणजे मालक-नोकरांचे वाद मिटवणारी तिकडची सार्वजनिक संस्था, तिच्यामार्फत समेट लागतो. मग त्यांना हा कागद हवा कशाला? उद्या कोणी विचारलं तर दाखवायला, की पाहा, तिनेच मिटवलं. तुझ्या सहीने त्यांचं तोंड धुवायचं.

सही करू नकोस असं मी म्हणत नाही. म्हणजे, फोनवर म्हटलं. आता असं म्हणते की त्यांना मेल लिही, तुमचा माफीचा मेल मिळाला, आभारी आहे. एवढंच. आणि त्याच मेलमध्ये त्या दिवशी काय शब्द बोलले गेले, कोण कोण हजर होतं, तारीख, वेळ, सगळं लिहून काढ. रागाचा एक शब्द नको. मग अ‍ॅकासच्या हेल्पलाइनला फोन कर, फुकट असते. अशा तक्रारींची मुदत महिन्यांत असते, वर्षांत नाही, तेव्हा नाताळनंतर बघू, नव्या वर्षात बघू असं नको. आणि तुला त्या माणसाला मनातून माफ करायचं असेल तर कर, ते तुझं. मी आड येणार नाही. फक्त ते एच.आर.च्या कागदावर, एच.आर.ने ठरवलेल्या दिवशी करू नकोस.

आणि काहीच करायचं नसेल तरी चालेल. खरंच. नोकरी गेली तर साठ दिवसांत दुसरा स्पॉन्सर, म्हणजे व्हिसासाठी नाव देणारा मालक, शोधावा लागतो, हे मला चिंटूने सांगितलं, आणि तेव्हापासून मी आकडे मोजते आहे. डिसेंबरात कोण माणसं घेतं? तिकडे तर नाताळात सगळं बंद. भाडं, पेन्शन, बाबांची एफ.डी. मोडली तर किती, हे सगळं मी रात्री वहीच्या मागच्या पानावर मांडून ठेवलं आहे. तीन महिने निघतात. हे सांगायचं नव्हतं, पण आता लिहिलं तर लिहिलं.

परवा आपल्या माजी नगरसेविकाबाई भेटल्या, विचारत होत्या मुलगी काय करते. मी सांगितलं, तर म्हणाल्या, लहानपणी बोलायची नाही ना ही? मी म्हटलं, आता बोलते. त्या टेबलावर तू हसली नाहीस, आणि लगेच ग्राहकांना तुझे आकडे समजावून सांगायला लागलीस, हे तू मला अगदी शेवटी, घाईत सांगितलंस. ते आधी सांगायला हवं होतंस.

बाबांनी सांडगी मिरची आणि तिखट पाठवलं आहे, कस्टमवाल्यांनी अडवू नये म्हणून यादी इंग्रजीत चिकटवली आहे. फोन कधी करायचा ते तूच ठरव.

तुझी,
आई

ता. क. अ‍ॅकासवाल्यांना किंवा वकिलाला विचारशील तेव्हा हेही विचारून घे, ते साठ दिवस नोकरी सुटल्याच्या तारखेपासून धरतात की सरकारचं पत्र हातात आल्यापासून.