महसूलमंत्री साहेब, आमच्या वाड्या कागदावर आणा

माननीय महसूलमंत्री साहेब,
सप्रेम नमस्कार.

मी रायगड जिल्ह्यातल्या एका ठाकूरवाडीचा. वाडीचं नाव मुद्दाम लिहीत नाही कारण हे एकट्या आमच्या वाडीचं गाऱ्हाणं नाहीये, कर्जत खालापूर सुधागड पेण कुठेही डोंगराच्या कडेला जा, ठाकर नाहीतर कातकरी आदिवासींची वाडी दिसेल आणि बऱ्याच ठिकाणी हेच ऐकायला मिळेल. माणसं आहेत, आधार आहे, रेशनकार्ड आहे, मतदानाच्या यादीत नावं आहेत. फक्त वाडी ज्या जमिनीवर उभी आहे ती वाडीची नाही. एकतर वनखात्याची, नाहीतर कुठल्यातरी खातेदाराची. गावठाण, म्हणजे घरांसाठी नोंदलेली गावाची जागा, आहे ते खालच्या मोठ्या गावाचं, आम्ही त्याच्या हद्दीबाहेर.

याने काय होतं ते आमच्या काकीच्या घरावरून सांगतो. तिच्याकडे पत्र्याच्या पेटीत, प्लॅस्टिकच्या पिशवीत घरपट्टीच्या पावत्या आहेत, तिच्या सासऱ्याच्या नावापासूनच्या, काहींची शाई उडून गेलीय. ग्रामपंचायत घरपट्टी घेते, पावती देते. पण घरकुलासाठी तीच पावती पुढे केली की सांगतात हा मालकीचा पुरावा नाही, जागेचा उतारा आणा. उताऱ्यावर नाव दुसऱ्याचं. जागामालक म्हणतो राहा पण विटेचं बांधायचं नाही, म्हणून अजून कारवीच्या कुडाच्या भिंती आणि वर पत्रा, दिवाळीनंतर माणसं वीटभट्टीवर जातात, दुसऱ्यांच्या घरांच्या विटा पाडतात आणि पावसाच्या तोंडावर परत येऊन स्वतःचा कूड शेणामातीनं लिंपतात. घरकुलाची जागा विकत घ्यायला सरकार 1 लाखापर्यंत मदत देतं हे मला माहितीये, पण साहेब आमच्याकडे फार्महाऊसवाल्यांनी जमिनीचे भाव कुठे नेऊन ठेवलेत ते तुमच्याच खात्याच्या रेडीरेकनरमध्ये, म्हणजे सरकारी दरपत्रकात बघा, त्या पैशात इथे कोण जागा देणार. आणि मूळ मालकाने जमीन विकली की नवीन मालक पहिलं काम करतो ते तारेचं कंपाऊंड. वाडी आत आणि पाणवठ्याची वाट बाहेर असं झालेलं मी बघितलंय, बायका मार्चनंतर ओढ्यातल्या डवऱ्यावर, म्हणजे पाण्यासाठी खणलेल्या खड्ड्यावर जायला तारेखालून वाकून हंडे काढत होत्या.

इर्शाळवाडी तुम्ही विसरला नसाल. 19 जुलै 2023 च्या रात्री तिच्यावर दरड कोसळली. आमच्याच ठाकूर समाजाची वाडी, इर्शाळगडाच्या पोटात, वर जायला रस्ता नाही. जेसीबी चढू शकला नाही, एनडीआरएफची माणसं चालत वर गेली, तेव्हाचे मुख्यमंत्री शिंदे साहेबसुद्धा पायीच वर गेले. 27 मृतदेह मिळाले, 57 जण मिळालेच नाहीत, शेवटी शोधकाम थांबवलं. दरडीचा धोका असलेल्या गावांच्या यादीत इर्शाळवाडी नव्हती हे तेव्हा सरकारनेच सांगितलं. नंतर सिडकोने चौकजवळ 44 घरं बांधून दिली, चांगली घरं आहेत, त्याबद्दल आभारच आहेत. पण जागा मिळाली, नकाशा झाला, नावावर घर झालं, हे सगळं एवढी माणसं गेल्यावर झालं. 2021 ला महाडजवळ तळीयेतपण तेच, डोंगर आला तो कोंढाळकर वाडीवर. माझं म्हणणं एवढंच आहे की हे दरड यायच्या आधी का होत नाही.

कायदा नाही असं कोणी सांगू नये. जमीन महसूल संहिता 1966 च्या कलम 122 मध्ये गावठाणाची हद्द ठरवायचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना आहे. वनजमिनीवरच्या वाड्यांसाठी वनहक्क कायदा 2006 आहे, त्याच्या कलम 3 मध्ये सरळ लिहिलंय की वनगावं, जुन्या वस्त्या, सर्वे न झालेली गावं यांना महसुली गाव करून घ्यायचा हक्क आहे, मग ती कुठे नोंदलेली असोत किंवा नसोत. त्याच कलमात रस्ता, शाळा, पाण्याची टाकी यासाठी 1 हेक्टरच्या आत वनजमीन ग्रामसभेच्या शिफारशीवर देता येते, दिल्लीला फाईल पाठवायची गरज नाही. तरी आमच्याकडे रस्त्याचं विचारलं की वर्षानुवर्षे एकच उत्तर, फॉरेस्टची परवानगी नाही. तोपर्यंत आजारी माणूस झोळीतून खाली आणायचा, पावसात दोन पोरं पुढे दोन मागे, पाय घसरला की झोळीतल्यालापण दणका.

अजून एक गोष्ट बाहेरच्या लोकांना माहीत नसते. पालघरच्या बहुतेक पाड्यांना पेसा, म्हणजे अनुसूचित (आदिवासी) क्षेत्रातल्या ग्रामसभांना जास्त अधिकार देणारा कायदा, लागू आहे, तिथे एखादा पाडा ठराव करून स्वतःची वेगळी ग्रामसभा मागू शकतो. रायगड जिल्हा अनुसूचित क्षेत्रात नाही. म्हणजे आदिवासी तेच, डोंगर तसेच, पण आमची वाडी मोठ्या ग्रुप ग्रामपंचायतीत एका कोपऱ्याला, आमचा एखादा सदस्य आणि ग्रामसभेत आमचा विषय सगळ्यात शेवटी, तोवर निम्मे लोक उठून गेलेले असतात. गावठाणातली घरं मोजून मालकीचं कार्ड देणाऱ्या स्वामित्व योजनेचा ड्रोन आला तेव्हा पोरं धावत बघायला गेली होती. त्याने गावठाण मोजलं, खालच्या लोकांना प्रॉपर्टी कार्ड मिळणार म्हणून आम्हालाही बरं वाटलं, ओळखीचीच माणसं आहेत. आम्ही गावठाणात नाही म्हणून आमच्यावरून तो उडालाच नाही.

साहेब, नवीन योजना नको, त्या भरपूर आहेत आणि सगळ्या त्या एका उताऱ्यापाशी येऊन अडतात. जिल्ह्यातल्या प्रत्येक वाडीची यादी करा, ती कोणाच्या जमिनीवर आहे ते लिहा आणि ती यादी तहसीलच्या बोर्डावर लावा. खासगी जमीन असेल तिथे कलम 122 खाली गावठाण करा, मालकाला मोबदला द्या, आम्हाला कोणाची जमीन फुकट बळकवायची नाही. जिथे डोंगर सुटायला लागलाय तिथे लोकांना विचारून जवळच दुसरी जागा ठरवा, लांब नेऊ नका, दळीची, म्हणजे डोंगरउतारावरची शेती आणि रानातली भाजी सोडून माणसं खाली नुसती बसून राहू शकत नाहीत.

आणि मोजणीला तलाठी वेगळा, भूमी अभिलेखचा माणूस वेगळा, फॉरेस्टचा वेगळा असे तीन महिन्यांत तीन जण नको. तिघांना एकाच दिवशी पाठवा, मे महिना संपायच्या आत, भट्टीवरून लोक परत आले की. रविवार असला तर मी स्वतः खालच्या रस्त्यापासून वर घेऊन जाईन.

आपला,
रायगडमधला एक वाडीकर