दाखल-खारीज रजिस्टरं स्कॅन करा

मा. संपादक,

जात पडताळणीसाठी ओबीसींना १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. त्यामुळे आपल्या जिल्ह्यातली कितीतरी कुटुंबं आजोबा-पणजोबांची शाळा शोधत गावी जातात. तिथल्या दाखल-खारीज रजिस्टरातून, म्हणजे मुलाचं नाव शाळेत कधी घातलं आणि कधी कटलं याच्या वहीतून, जातीच्या नोंदीची नक्कल मिळाली की रजिस्टर पुन्हा कपाटात. आम्हीही त्याच कामासाठी काटोल तालुक्यातल्या आमच्या गावच्या शाळेत गेलो होतो, पण जातीचा रकाना सापडल्यावरही मला ते रजिस्टर मिटवेना.

मध्यप्रांत-वऱ्हाडाच्या काळातलं ते. पालकाचा धंदा कुठे काश्तकारी, कुठे मजुरी. आजोबांचं नाव नोव्हेंबरात कटलं, कारण लिहिलंय ‘सतत गैरहजर’. नोव्हेंबर म्हणजे आमच्याकडे कापूस वेचणीचा भर. आजोबा सांगायचे, आई वेचायला लागली की धाकट्याला धुऱ्यावर (बांधावर) मीच सांभाळायचो. त्याच पानावर आणखी पुष्कळ मुलांची नावं वेचणीच्या दिवसांतच कटलेली दिसतात. आजीचं माहेर शेजारच्या गावचं. तिथल्या रजिस्टरात तिचे दोन्ही भाऊ सापडले, तिचं नाव कुठल्याच पानावर नाही.

खेड्यातली शाळा आणि वावर यांची सांगड घालायचा प्रयत्न याच प्रांतात झाला होता. १९३८ च्या सुमारास प्रांताच्या मंत्रिमंडळातल्या रविशंकर शुक्लांनी विद्यामंदिर योजना आणली : जमीन दान मिळवायची आणि तिच्या उत्पन्नावर शाळेचा खर्च चालवायचा. ती फार काळ टिकली नाही. पण गावच्या पोरांनी प्रत्यक्षात शाळा कधी आणि का सोडली, हे पाहायचं तर ही रजिस्टरंच उघडावी लागतात. जनपद सभा (आधीच्या स्थानिक स्वराज्य संस्था) गेल्या, १९६२ मध्ये जिल्हा परिषद आली, रजिस्टरं मात्र शाळेतच राहिली. आमच्या गावच्या रजिस्टराची सुरुवातीची पानं वाळवीनं खाल्ली आहेत.

आता कमी पटाच्या शाळा दुसऱ्या शाळांत विलीन करण्याची चर्चा वारंवार होते. तसं झालं तर ही कपाटं कुणाच्या ताब्यात जाणार? माझी कळकळीची विनंती आहे की जिल्हा परिषदेनं १९६७ पूर्वीची सगळी रजिस्टरं आधी स्कॅन करून घ्यावीत, एक प्रत शाळेत आणि एक नागपूरच्या पुराभिलेखागारात ठेवावी. अभ्यासकांना देताना जातीचा रकाना झाकता येईल. आणि त्या पानांवरची जी माणसं आज हयात आहेत, त्यांच्याकडून शाळा सुटण्याची कारणं गावच्या शिक्षकांनी याच उन्हाळ्यात लिहून घ्यावीत.

– एक वाचक, नागपूर