दोन दिवसांचं प्रशिक्षण साडेतीन तासांत : मंत्रिमहोदयांना खुलं पत्र

माननीय मंत्रिमहोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या नावापुढे कोणतं खातं लिहावं, यातच माझे दोन दिवस गेले. व्यसनमुक्ती एका खात्याकडे, सुया-सिरिंज आणि एचआयव्ही दुसऱ्याकडे, दारूचे परवाने तिसऱ्याकडे. तिन्हीकडच्या टेबलांवर मी अर्ज दिलेत आणि तिन्हीकडून 'हा विषय आमच्याकडे येत नाही' हे उत्तर घेऊन परतलोय. म्हणून खातं लिहिलंच नाही. व्यासपीठावर मधल्या खुर्चीत आपण होतात, एवढी ओळख पुरे.

गेल्या वर्षी 26 जूनला, अमली पदार्थविरोधी दिनाला, आपण आमच्या जिल्ह्याच्या ठिकाणी आला होतात. आपण म्हणालात, सहा महिन्यांच्या आत राज्यातल्या व्यसनमुक्ती केंद्रांत एकही कार्यकर्ता अप्रशिक्षित राहणार नाही, हा माझा शब्द आहे. मी जोरात टाळ्या वाजवल्या. शेजारच्या केंद्रातल्या ताईंनी कोपराने ढोसलं, म्हणाल्या, "दादा, जरा जपून. हात दुखतील." त्या या कामात माझ्याआधी सात वर्षं आल्यात.

वर्ष उलटलं. मागच्या सोमवारी संध्याकाळी पावणेसातला व्हॉट्सअॅपवर पत्र आलं. उद्या सकाळी दहा वाजता दोन दिवसीय निवासी प्रशिक्षण, उपस्थिती अनिवार्य. पहाटे पाचच्या एसटीने निघालो. पिशवीत दोन दिवसांचे कपडे, टॉवेल आणि दोनशे पानी नवी वही. वहीच्या पहिल्या पानावर रात्री बसून अकरा प्रश्न लिहिले होते. पहिला : यकृत खराब झालेल्या पेशंटची दारू सोडवताना डॉक्टर नेहमीची गोळी बदलतात, ते का आणि मी कशावर लक्ष ठेवायचं? दुसरा : घरच्यांनी खोलीत कोंडून ठेवलेल्या माणसाबद्दल कायदा काय सांगतो? बाकीचे नऊ सांगत नाही. आपल्याला घाई असेल.

आपण पावणेएकला आलात. दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, प्रास्ताविक. मग आम्हा 70-80 जणांना उभं करून, उजवा हात पुढे करायला लावून, मी व्यसन करणार नाही अशी शपथ दिली. साहेब, आम्ही ती शपथ रोज दुसऱ्यांना देतो! मग एका पाहुण्याने पडद्यावर सडक्या यकृताचे फोटो दाखवले. ते यकृत कसं असतं हे मला फोटोवरून कळायची गरज नाही, त्याचा लहान भाऊ माझ्या पोटात आहे. दीड वाजता, जेवणाच्या आधी, 'दोन दिवसीय प्रशिक्षण यशस्वीरीत्या पूर्ण केल्याबद्दल' प्रमाणपत्र हातात पडलं. माझ्या आडनावातला 'ळ' त्यात कुणीतरी खाल्ला होता. हजेरीच्या कागदावर आजची आणि उद्याची, दोन्ही सह्या एकदमच घेतल्या. कारण विचारलं तर म्हणे हॉल संध्याकाळपासून साखरपुड्याला दिलाय. मंडपवाल्याची पोरं खुर्च्यांना गुलाबी रिबिनी बांधत होतीच. आम्ही भाजी-पुरी खाल्ली आणि परतीच्या गाडीला लागलो. वहीत प्रश्नांखेरीज एक अक्षर नाही.

(इथून पुढे 'तुम्ही' म्हणतो. 'आपण' लिहिताना पेन अडतंय.)

माझी ओळख सांगतो. मी गर्दुल्ला होतो. हा शब्द तुमच्या भाषणात शिवीसारखा येतो म्हणून मीच आधी वापरला. मुंबईत अकरा वर्षं गर्द (ब्राऊन शुगर) ओढली, नंतर टोचली, आणि मिळेल तेव्हा दारू. 2009 पासून बंद आहे. 2010 मध्ये एचआयव्ही पसरू नये म्हणून कोऱ्या सुया वाटणाऱ्या एका प्रकल्पात पीअर म्हणून, म्हणजे नशेतून गेलेला आणि नशा करणाऱ्यांतच फिरणारा कार्यकर्ता म्हणून लागलो. माझं प्रशिक्षण असं झालं : सरांनी खांद्यावर पिशवी दिली आणि म्हणाले, "तुला काय शिकवायचं, तुला सगळं माहितीच आहे." मलाही तेव्हा ते कौतुक वाटलं. नशा कशी करायची हे माहीत असणं आणि नशा करणाऱ्याचा जीव कसा वाचवायचा हे माहीत असणं यात काय अंतर असतं, हे कळायला गर्दचा डोस जास्त झालेल्या एका पोराचे ओठ निळे पडलेले बघावे लागले. आम्ही चौघं त्याला थोबाडीत मारत होतो, कोणी मीठ-पाणी टोचायला निघाला होता. नालोक्सोन नावाचं इंजेक्शन असतं, श्वास परत आणतं, हे तिथल्या एकालाही माहीत नव्हतं. पोरगं नशिबाने वाचलं. आमचं त्यात काही नाही.

2013 मध्ये रुळांकडेच्या झाडीत वापरलेल्या सुया गोळा करताना एक माझ्याच बोटात घुसली. मी काय केलं? लहानपणी काटा टोचला की आई करायची तेच केलं, बोट तोंडात घालून चोखलं. मग पिळपिळ पिळलं, डेटॉल ओतलं. या तीनही गोष्टी करायच्या नसतात. साबण-पाण्याने धुवायचं आणि तडक दवाखाना गाठायचा, पहिल्या दोन तासांत गाठला तर उत्तम, 72 तासांनंतर एचआयव्ही रोखणाऱ्या गोळ्यांचा उपयोग नाही. मला हे चौथ्या दिवशी कळलं. चौथा दिवस म्हणजे किती तास, तुम्हीच गुणा. माझं तेव्हा लग्न ठरलं होतं. मुलीच्या घरी जाऊन खरं ते सांगितलं. पुढच्या तपासण्या निगेटिव्ह आल्या तोवर तिचं दुसरीकडे जमलं होतं. तिला दोष नाही देत. मी आजही एकटाच आहे आणि ही गोष्ट मी आजवर कुणाला लेखी सांगितलेली नाही, तुम्हाला सांगतोय.

2019 मध्ये पिशवीत चाळीस कोऱ्या सिरिंज सापडल्या म्हणून मला एका चौकीत रात्री अकरापर्यंत बाकावर बसवून ठेवलं. 2017 च्या एचआयव्ही कायद्याचं कलम 22 अशा कामाला संरक्षण देतं. तो कायदा आदल्याच वर्षी लागू झाला होता. हवालदाराला तो माहीत नव्हता. मलाही नव्हता.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला बसलो ते.

2020 मध्ये मी गावाकडे आलो, दारूच्या पेशंटांत काम करायला लागलो. पुढच्या वर्षी एक बाई नवऱ्याला घेऊन आली. उसाचा ट्रॅक्टर चालवायचा, वय अडतीस. सकाळी उठल्याउठल्या क्वार्टर लागायची, तोवर हातातला चहाचा कप बशीवर वाजायचा. मी त्याला माझी गोष्ट सांगितली. माझी गोष्ट मी चांगली सांगतो. मग म्हणालो, "आजपासून थेंब नाही. एकदम तोडायची. मी तोडली, तूही तोडशील." आईची शपथ घातली त्याला. त्याने घेतली आणि पाळली. दुसऱ्या रात्री त्याला फिट आली. तिसऱ्या दिवशी तो भिंतीवरच्या मुंग्या झटकत होता. भिंतीवर मुंग्या नव्हत्या. घरच्यांना वाटलं बाहेरचं काही झालं. बाजेला बांधलं, देवर्षी आणला. मला फोन आला तेव्हा मी म्हणालो, "तलफ आहे, उतरेल, धीर धरा." चौथ्या दिवशी पहाटे तो गेला.

दहाव्याला गेलो होतो. ती बाई माझ्याशी भांडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "दादा, तुमचं ऐकलं हो त्यांनी. सोडली होती."

तीन महिन्यांनी तालुक्याच्या एका डॉक्टरने टपरीवर चहा पिता पिता मला समजावलं. रोज भरपूर पिणाऱ्याच्या मेंदूला दारूची सवय लागलेली असते, ती एकदम तोडली तर मेंदू भडकतो, फिट येते, भ्रम होतो, माणूस दगावू शकतो. म्हणून गोळ्यांच्या आधाराने उतरवायची. ग्लुकोजची बाटली लावण्याआधी बी-वन जीवनसत्त्वाचं इंजेक्शन द्यायचं. हात किती थरथरतो, घाम किती, नाडी किती, आधी कधी फिट आली होती का, हे विचारूनच ठरवायचं की घरी जमेल की भरती करायचं. पाच मिनिटं लागली त्यांना हे सांगायला. चहाचे पैसेही त्यांनीच दिले.

पाच मिनिटं, साहेब. गेल्या वर्षीचं तुमचं भाषण चाळीस मिनिटांचं होतं.

आकडे तुम्हाला आवडतात, भाषणात बरेच होते. हे घ्या. केंद्र सरकारने एम्सकडून करून घेतलेलं सर्वेक्षण 2019 मध्ये आलं. दारूमुळे अडचणीत आलेले, मदतीची गरज असलेले देशात साधारण 5 कोटी 70 लाख. दारूच्या पुरते आहारी गेलेल्या 38 माणसांमागे एकाला कसलेतरी उपचार मिळतात, भरती होऊन मिळतात ते 180 मागे एकाला. तो नशीबवान एक जण माझ्यासारख्याच्या समोर येऊन बसतो. आता तुम्हीच सांगा, तो नशीबवान कसा?

दुसरीकडे 2025 च्या जूनमध्ये राज्य मंत्रिमंडळाने दारूवरचं शुल्क वाढवलं, वर्षाला 14,000 कोटी जादा मिळतील म्हणून. आधीच वीस-पंचवीस हजार कोटी येतात म्हणे, हजारभर इकडेतिकडे असतील, माझ्या मानधनात एवढी शून्यं नसल्याने मला मोजता येत नाहीत. (मानधन पाच महिने थकलंय. अनुदान मार्चमध्ये येतं, तेही आलं तर.) राज्यात अजून 1949 चा दारूबंदी कायदा आहे. बंदीचा कायदा आणि विक्रीचा महसूल एकाच फायलीत सुखाने नांदतात. प्यायला परवाना लागतो, तोही आरोग्याच्या नावाने! वर्धा, गडचिरोलीत बंदी आहे, चंद्रपुरात 2015 ला आली आणि 2021 ला गेली. बंदी असली काय, उठली काय, सकाळी हात थरथरणारा माणूस तोच असतो आणि त्याच्यासमोर बसलेला मीही तोच.

2015 च्या जूनमध्ये मालवणीत विषारी दारूने शंभरावर माणसं गेली. मी तेव्हा मुंबईतच होतो. अटका झाल्या, निलंबनं झाली, विधानसभेत आवाज झाला. पण विषारी दारूतलं मिथेनॉल पोटात गेल्यावर दुसऱ्या दिवशी डोळ्यांपुढे धुकं येतं, ते हँगओव्हर समजून झोपायचं नसतं, धावत मोठं हॉस्पिटल गाठायचं असतं, हे वस्तीत फिरणाऱ्या आम्हा लोकांना त्यानंतर तरी कुणी बोलावून सांगितलं का? मला तरी नाही.

तुमचा सगळा कारभार 'नशामुक्त' या एका शब्दावर चालतो. नशामुक्त गाव, नशामुक्त जिल्हा, इतक्या लाख लोकांनी शपथ घेतली. जो आज सोडणार नाही त्याचं काय? त्याने जेवून प्यावं, पिऊन गाडीवर बसू नये, सुई दुसऱ्याची घेऊ नये, एकट्याने टोचू नये, आणि सोडायची वेळ येईल तेव्हा जिवंत असावा, एवढ्यासाठी आम्ही झटतो. हार्म रिडक्शन म्हणतात त्याला. हे शिकावं लागतं, शपथेने येत नाही. आणि शिकवणारे नाहीत असंही नाही. पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र 1986 पासून आहे, तिथे शिकून आलेली माणसं मी पाहिलीत. बोलायच्या आधी ऐकतात, हाच पहिला फरक दिसतो. माझ्यासारख्याला तिथे महिनाभर पाठवायचं तर मागे केंद्र कोण बघणार? बदली माणूस नाही, म्हणून रजा नाही, म्हणून प्रशिक्षण नाही.

मागणं फार नाही. कामाला लावायच्या आधी एक महिना शिकवा, जाणत्या डॉक्टरच्या आणि जुन्या समुपदेशकाच्या हाताखाली. दर वर्षी पुन्हा बोलवा, शाल नको. अवघड केस आली तर रात्री फोन करता येईल असा एक नंबर द्या. आणि आमच्यातली जी माणसं नशेतून उठून या कामात आली, बारावी नापास, त्यांना पंधरा वर्षांनीही पीअरच ठेवू नका, त्यांना पुढे जायला परीक्षा ठेवा, आम्ही देऊ. आम्ही याहून अवघड परीक्षा दिल्यात.

प्रमाणपत्र या पत्रासोबत परत पाठवतोय. दुसऱ्या दिवसाच्या हजेरीवरची माझी सही खोटी आहे, ती रद्द समजावी. एसटीची जाण्यायेण्याची तिकिटं जोडली आहेत, प्रवासभत्त्याचं बघा.

आपला,
'ळ' नसलेला समुपदेशक

ता. क. नाव दुरुस्त करून नवं प्रमाणपत्र पाठवू नये.