फॉर्म ७०० वर सही कुणाची? काकांना एक उघडं आभारपत्र

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

तुम्ही ‘वॉर थंडर’ हा विमानं-रणगाड्यांच्या लढायांचा ऑनलाइन गेम कधी खेळला नाहीत आणि खेळणारही नाही. तरीही त्या गेमच्या डेव्हलपरांकडे परवा माझा जो प्रस्ताव गेला, त्यातला निम्म्याहून अधिक विचार तुमचा आहे. समोर बसून आभार मानायला लागलो असतो तर तुम्ही लगेच विषय बदलला असता, म्हणून हे पत्र चारचौघांत. परक्या देशांनी चाचणी घेतलेली जेट लढाऊ विमानं गेममध्ये आणा म्हणून मागे लागलेले माझ्यासारखे पुष्कळ आहेत. त्यांच्याही हाती तुमचा प्रश्न पडावा, हा दुसरा हेतू.

ज्यांना गेम माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. प्रत्येक देशाची आपली टेक ट्री, म्हणजे एकामागून एक मिळवत जायच्या वाहनांची साखळी असते आणि विमानं, रणगाडे, जहाजं बॅटल रेटिंगप्रमाणे, म्हणजे ताकदीच्या आकड्याप्रमाणे, तिच्यात वर चढत जातात. काही देशांच्या ट्रीमध्ये मधेच खिंडार असतं. ते बुजवायला त्या देशानं कधीकाळी हाताळलेलं परदेशी विमान सोयीचं पडतं. दुसऱ्या महायुद्धाच्या विमानांत हे आधीपासून चालत आलंय. जपानच्या ट्रीमध्ये जर्मन फॉके-वुल्फ १९० आणि मेसरश्मिट १०९ आहेत, कारण जपाननं ती खरोखरच मागवून तपासली होती. अमेरिकेकडे जपानी झिरो हे लढाऊ विमान आहे. मग जेट का नकोत, असा आमचा सवाल होता.

आमची यादी घेऊन मी तुमच्याकडे आलो तेव्हा वाटलं होतं, एअर फोर्सच्या ग्राउंड क्रूमध्ये आयुष्य काढलेला माणूस इंजिनांबद्दल, वेगाबद्दल काहीतरी भारी सांगेल. तुम्ही विचारलंत, “उड्डाणाआधी फॉर्म ७०० वर सही कुणी केली?” वैमानिक विमान ताब्यात घेताना त्या नोंदवहीवर सही करतो, आधी फिटर मंडळींनी केलेली असते, आणि विमान त्या घडीला कुणाच्या जबाबदारीवर आहे ते त्यावरून ठरतं, हे तुम्ही समजावलंत. दुसऱ्या देशांत त्या कागदाचं नाव वेगळं असेल, पण असा कागद असतोच. “चाचणी झाली म्हणतोस, तर विमान कुणाच्या ताब्यात होतं ते दाखव. नुसतं हाताळलेलं विमान आपलं होत नाही.”

या एका प्रश्नानं अर्धी यादी गळली. सगळ्यात आधी गेलं जपानचं मिग-२५. ६ सप्टेंबर १९७६ ला सोव्हिएत वैमानिक व्हिक्टर बेलेन्को ते घेऊन पळून जपानमधल्या हाकोदातेला उतरला, ही गोष्ट आमच्यातल्या प्रत्येकाला तोंडपाठ आहे. जपान आणि अमेरिकेच्या तज्ज्ञांनी विमान सुटं करून पाहिलं, आणि त्याच वर्षी ते खोक्यांत भरून सोव्हिएत संघाला परत केलं. उडवलं कुणीच नाही. अमेरिकेनं १९९७ मध्ये मोल्दोवाकडून विकत घेतलेली २१ मिग-२९ विमानंही तुम्ही बाजूला काढलीत. खरेदीची पावती हा चाचणीचा अहवाल नव्हे, एवढंच म्हणालात. मी वाद घातला, आणि अजूनही तिथे तुम्ही जरा कडक वागलात असं माझं मत आहे. पण प्रस्तावात तुमचंच म्हणणं ठेवलं.

जी टिकली ती मग भक्कम निघाली. १६ ऑगस्ट १९६६ ला इराकी वैमानिक मुनीर रेद्फा मिग-२१ घेऊन इस्रायलमध्ये उतरला. इस्रायलनं त्यावर ००७ हा आकडा रंगवला आणि डॅनी शपिरा या चाचणी वैमानिकानं ते उडवलं. पुढे १९६८ च्या सुरुवातीला तेच विमान उसनं घेऊन अमेरिकेनं नेवाडातल्या ग्रूम लेकवर ‘हॅव डोनट’ या नावाखाली ४० दिवसांत १०२ उड्डाणं केली. एकच विमान आणि दोन देशांचा रीतसर ताबा. तो अहवाल आता खुला आहे आणि गेमसाठी खाणच आहे: मागचं दिसत नाही, पुढच्या जाड काचेतूनही धड दिसत नाही, इंजिन थ्रॉटलला सावकाश उत्तर देतं, कमी उंचीवर वेग वाढला की विमान थरथरायला लागतं. म्हणून अमेरिकेच्या फँटम विमानांच्या वैमानिकांना सल्ला दिला होता की मिग-२१ ला खाली ओढा. फ्लाइट मॉडेलबद्दल, म्हणजे गेममध्ये विमान कसं उडतं त्याबद्दल, भांडणाऱ्यांनी हा अहवाल एकदा वाचावा, निम्मी भांडणं मिटतील. (उरलेली निम्मी मिटणारी नाहीतच, ती आमची करमणूक आहे.)

उलट्या दिशेनं सोव्हिएत संघानं तपासलेलं अमेरिकन एफ-५ई. १९७५ मध्ये दक्षिण व्हिएतनाम पडलं तेव्हा बिएन होआ तळावर ही विमानं हाती लागली. त्यातलं एक सोव्हिएत संघातल्या अख्तुबिन्स्कच्या चाचणी तळावर नेऊन चाचणी वैमानिकांनी मिग-२१ शी लुटूपुटूच्या लढतीत उतरवलं, आणि जवळच्या वळणदार झुंजीत मिग-२१ ला ते भारी पडलं. कागदावर मिगचा वेग जास्त, म्हणून तिथल्या मंडळींना ते पचायला जड गेलं. सोव्हिएत ट्रीमध्ये हे एक विमान यावं, असं मी ठामपणे लिहिलंय.

एक विमान, बरं का. हे बंधनही तुमचंच. परदेशी चाचणीच्या नावाखाली अख्खी रांग उभी केली की सगळ्या ट्री सारख्याच दिसायला लागतात, आणि ‘कॉपी-पेस्ट’ म्हणून ओरडणारे खेळाडू तेवढ्यापुरते बरोबर ठरतात. चाचणीचं विमान एकटंच असतं. गेममध्येही ते दुर्मीळ असावं, त्या चाचणीतल्या रंगात, त्याच आकड्यासह असावं. आणि चाचणीच्या वेळी पंखाखाली जे लटकलं होतं तेवढंच द्यावं. “हे क्षेपणास्त्र बसू शकलं असतं” या वाक्यावर तुम्ही लाल पेन्सिलनं मारलेली काट मी जपून ठेवलीय.

सगळ्यात जास्त वेळ आपण घालवला तो केस्ट्रेलवर. जागच्या जागी सरळ वर उडणाऱ्या हॅरियर विमानाचं हे आधीचं रूप. १९६४-६५ मध्ये ब्रिटन, अमेरिका आणि पश्चिम जर्मनीनं मिळून इंग्लंडमधल्या वेस्ट रेनम तळावर एक संयुक्त स्क्वॉड्रन उभं केलं. विमानं नऊ, वैमानिक तिन्ही देशांचे, अंगावरचं गोल चिन्हही तिन्ही देशांचं मिळून केलेलं. आता हे कुणाच्या ट्रीमध्ये घालायचं? मी म्हटलं तिघांच्याही. तुम्ही चष्मा पुसत विचारलंत, चाचण्या संपल्यावर कोण घरी काय घेऊन गेलं? एक विमान चाचण्यांतच गेलं होतं. सहा अमेरिकेला गेली आणि तिथे त्यांना एक्सव्ही-६ए असं नाव मिळालं, दोन ब्रिटनकडे राहिली. जर्मनीनं पैसे घातले, वैमानिक पाठवले, पण आपला वाटा अमेरिकेला देऊन टाकला. तुमच्या नियमानं ब्रिटन आणि अमेरिकेचा हक्क पक्का, जर्मनीचा लंगडा. पण मला वाटतं जर्मन ट्रीलाच त्याची खरी गरज आहे, आणि तिथल्या वैमानिकांनी त्या स्क्वॉड्रनमध्ये ते नेमानं उडवलंय. म्हणून प्रस्तावात दोन्ही मतं लिहिली, तुमचं आधी, माझं नंतर. शस्त्रांशिवायचं ते विमान लढाईत काय दिवे लावणार, हा प्रश्न मात्र मी मुद्दाम खालच्या ओळीत लपवला.

आपल्याकडचं एकच उदाहरण तुम्ही स्वतःहून काढलंत. ७ मार्च १९६४ ला इजिप्तच्या एचए-३०० विमानाचं पहिलं उड्डाण भारतीय वैमानिकानं केलं, कपिल भार्गव यांनी. पुढे त्या विमानासाठीच्या ई-३०० इंजिनाच्या चाचण्या आपल्या मारुत या भारतीय लढाऊ विमानावर झाल्या, त्याही इजिप्तमध्ये. गेममध्ये भारताची काही वाहनं ब्रिटनच्या ट्रीत बसवलेली आहेत, तेव्हा मला वाटलं आपलं घोडं न्हालं. तुम्ही शांतपणे म्हणालात, “वैमानिक आपला होता, विमान त्यांचं. मारुत मागायचं असेल तर ते मारुत म्हणून माग.” अभिमान वाटत असतानाही नियम वाकवला नाहीत, याचं मला आजही नवल वाटतं.

आणखी एका गोष्टीसाठी खास आभार. या गेमच्या वादांत लोकांनी गोपनीय कागद उघडे केल्याच्या घटना झाल्या आहेत. २०२१ मध्ये ब्रिटनच्या चॅलेंजर २ आणि फ्रान्सच्या लेक्लर्क रणगाड्यांवरून तेच झालं, आणि डेव्हलपरांनी ते काढून टाकले. तुम्ही ज्या विमानांवर काम केलंत त्यांबद्दल मी कितीही आडून विचारलं, तरी तुमचं उत्तर ठरलेलं: छापलेलं असेल तर वाच, नसेल तर सोड. सुरुवातीला राग यायचा. पण त्यामुळेच आज प्रस्तावातला प्रत्येक कागद कुणालाही मागवून वाचता येतो, आणि डेव्हलपरांना त्यातलं काही बाजूला ठेवायला कारण उरत नाही.

विमान गेममध्ये येईल की नाही, ते आता त्यांच्या हातात. दरम्यान पुढचं प्रकरण तयार होतंय. ग्रमन या अमेरिकन कंपनीचं एफ११एफ-१एफ सुपर टायगर, बनली दोनच. जपाननं १९५८ मध्ये ते निवडलं. पुढच्या वर्षी जपानी हवाई दलाचे अधिकारी मिनोरू गेंदा यांचं पथक अमेरिकेत एडवर्ड्स हवाई तळावर जाऊन ते आणि इतर विमानं उडवून आलं, आणि शेवटी जपाननं एफ-१०४ घेतलं. वैमानिक जपानी, धावपट्टी अमेरिकन, विमान कंपनीचं. तुमचं उत्तर काय येईल ते मला कळतंय, तरी मसुदा रविवारी घेऊन येतो. लाल पेन्सिल काढून ठेवा. काकूंना नमस्कार सांगा.

आपला,
विमानं मागणारा एक खेळाडू