निकालाला कारणे लागतात. नेमणुकीला का नकोत?

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

उच्च न्यायालय कोणत्या पक्षाच्या बाजूला झुकले आहे, यावर सध्या आपल्या अंकातून आणि बाहेरही बरीच चर्चा चालली आहे. सोयीचा निकाल आला की न्यायमूर्ती रामशास्त्री, गैरसोयीचा आला की कोणाचे तरी हस्तक, अशी तिची एकंदर चाल आहे. अशा रीतीने धावफलक मांडून पक्षपात सापडत नाही. मुंबई उच्च न्यायालयाचेच एक वर्ष घ्या. ९ नोव्हेंबर २०२० रोजी अर्णब गोस्वामी यांना अंतरिम जामीन नाकारला गेला, तेव्हा न्यायालय आघाडी सरकारच्या कलाने चालते असे म्हटले गेले. दोनच दिवसांत सर्वोच्च न्यायालयाने जामीन दिला. त्याच महिन्याच्या २७ तारखेला कंगना राणावत यांच्या बंगल्यावरची महापालिकेची कारवाई आकसाची ठरवून रद्द झाली, तेव्हा ओरड दुसऱ्या बाजूने. ५ एप्रिल २०२१ रोजी अनिल देशमुख यांच्यावरील आरोपांची सीबीआयकडून प्राथमिक चौकशी करण्याचा आदेश झाला आणि आघाडीची पंचाईत झाली. १३ ऑगस्टला विधान परिषदेच्या १२ नामनियुक्त जागांबाबत निर्णय लांबवल्याबद्दल राज्यपालांना कानपिचक्या मिळाल्या, तेव्हा भाजप नाराज. यातले शेवटचे दोन्ही निर्णय एकाच खंडपीठाचे होते, मुख्य न्यायमूर्ती दीपांकर दत्ता आणि न्या. गिरीश कुलकर्णी यांचे.

तेव्हा कोणाच्या बाजूने किती निकाल लागले, ही मोजणी सोडून द्यावी. त्यापेक्षा न्यायालय कोणत्या गोष्टींची कारणे लिहिते आणि कोणत्या गोष्टींची लिहीत नाही, हे पाहावे. तुमच्या-आमच्या दाव्यातला साधा अंतरिम आदेशसुद्धा कारणांशिवाय दिला तर वरच्या न्यायालयात टिकत नाही. मात्र न्यायमूर्ती कोण होणार, कोणते प्रकरण कोणापुढे जाणार, कोणाची बदली कुठे होणार, हे न्यायालयाचे स्वतःविषयीचे निर्णय जवळपास विनाकारण, म्हणजे कारणे न देता, होतात. संशयाला जागा मिळते ती इथे.

ऑगस्ट २०२५ मध्ये वाद झाला तो नेमणुकीवरून. सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायवृंदाने (नेमणुकांसाठी नावे सुचवणाऱ्या ज्येष्ठतम न्यायमूर्तींच्या मंडळाने, म्हणजे कॉलेजियमने) २८ जुलैच्या बैठकीत मुंबई उच्च न्यायालयासाठी तीन वकिलांची नावे सुचवली. त्यातल्या अ‍ॅड. आरती साठे २०२३ मध्ये प्रदेश भाजपच्या प्रवक्त्या होत्या आणि जानेवारी २०२४ मध्ये त्यांनी ते पद सोडले होते. विरोधकांनी जुने नियुक्तिपत्र दाखवले, पक्षाने राजीनामा दाखवला, आणि ऑगस्टमध्येच नेमणूक झाली. कायद्याने यात काही चुकीचे नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद २१७ प्रमाणे भारताचे नागरिकत्व आणि उच्च न्यायालयात दहा वर्षांची वकिली किंवा दहा वर्षांचे न्यायिक पद एवढेच लागते. माजी पक्ष-पदाधिकाऱ्यांना मज्जाव करणारी ओळ त्यात नाही, आणि आजवर असे अनेक जण न्यायमूर्ती झाले आहेत. व्ही. आर. कृष्ण अय्यर १९५७ च्या केरळ सरकारात मंत्री होते. बहरुल इस्लाम काँग्रेसचे राज्यसभा सदस्यत्व सोडून १९७२ मध्ये गुवाहाटीला न्यायमूर्ती झाले, पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९८३ मध्ये निवडणूक लढवण्यासाठी राजीनामा देऊन बाहेर पडले. पहिल्याच्या नावाने आजही निकालांचे दाखले दिले जातात, दुसऱ्याचे नाव फक्त अशा वादांत निघते.

पूर्वीचे संबंध बघून न्यायमूर्तीचा अंदाज बांधता येत नाही, याचा सर्वांत बोलका पुरावा मुंबई उच्च न्यायालयाच्याच ‘सेंट्रल कोर्ट’ या दालनात आहे. १९०८ मध्ये लोकमान्य टिळकांना सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा सुनावणारे न्या. दिनशा दावर हे १८९७ च्या खटल्यात टिळकांच्या जामिनासाठी उभे राहिलेले वकील होते. अकरा वर्षांपूर्वी ज्या माणसासाठी जामीन मागितला, त्यालाच त्यांनी न्यायासनावरून जामीन नाकारला. आज असे घडले असते तर आधी ‘टिळकांचा माणूस’ म्हणून नेमणुकीला विरोध झाला असता, आणि नंतर विरोध करणाऱ्यांनीच टाळ्या वाजवल्या असत्या!

म्हणून साठे यांच्याबाबत आमचा आक्षेप व्यक्तीवर नाही. त्यांचे निकाल येतील तसे वाचावेत. आक्षेप आहे तो याच उच्च न्यायालयाच्या आणखी एका नेमणुकीशी तुलना केल्यावर उरणाऱ्या प्रश्नावर. अ‍ॅड. सोमशेखर सुंदरेसन यांचे नाव न्यायवृंदाने फेब्रुवारी २०२२ मध्ये सुचवले. समाजमाध्यमांवर त्यांनी चालू प्रकरणांबाबत मते मांडली, या कारणावरून केंद्राने ते परत पाठवले. जानेवारी २०२३ मध्ये न्यायवृंदाने पुन्हा शिफारस केली, आणि सरकारचा आक्षेप व त्यावरचे उत्तर दोन्ही जाहीर केले: मत मांडणे म्हणजे पक्षपाती असणे नव्हे. तरीही नेमणूक झाली नोव्हेंबर २०२३ मध्ये. एका वकिलाच्या वैयक्तिक मतांसाठी एकवीस महिने. दुसऱ्या वकिलाने पक्षाची मते अधिकृतपणे मांडली होती, तिथे काही आठवडे. या फरकामागे सबळ कारण असेलही, पण ते कागदावर नाही.

ही कारणे कुठे गळतात हे कळण्यासाठी कागद कसा फिरतो ते बघावे लागेल. उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती दोन ज्येष्ठतम सहकाऱ्यांशी बोलून नाव सुचवतात. प्रस्ताव मुख्यमंत्री आणि राज्यपालांकडे जातो. तिथे सहा आठवड्यांत मत यायला हवे. मग केंद्रीय विधी मंत्रालय, गुप्तवार्ता विभागाचा अहवाल, सर्वोच्च न्यायालयातील त्या उच्च न्यायालयाची माहिती असलेल्या न्यायमूर्तींचे अभिप्राय, सरन्यायाधीश व दोन ज्येष्ठतम न्यायमूर्तींचा न्यायवृंद, पुन्हा मंत्रालय, पंतप्रधान, राष्ट्रपती. एप्रिल २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच मुदती आखल्या: गुप्तवार्ता अहवाल चार ते सहा आठवड्यांत, सरकारने आपले मत आठ ते बारा आठवड्यांत कळवावे, फेरशिफारस झाली तर तीन-चार आठवड्यांत नेमणूक. मुदत टळली तर काय, हे मात्र ठरलेले नाही. म्हणून नको असलेले नाव नाकारावे लागत नाही, नुसते ठेवून दिले तरी पुरते. कंटाळून संमती मागे घेणारे वकील असतातच, आणि त्यांची यादी कुठे छापली जात नाही.

नेमणुकीनंतर न्यायालयात दाद मागावी, तर तोही मार्ग अरुंद आहे. भाजपशी पूर्वी संबंध असलेल्या अ‍ॅड. व्हिक्टोरिया गौरी यांच्या मद्रास उच्च न्यायालयातील नेमणुकीला आव्हान दिले गेले, तेव्हा फेब्रुवारी २०२३ मध्ये त्यांच्या शपथविधीच्या दिवशीच सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की पात्रता आहे की नाही हे तपासता येते, योग्यता आहे की नाही हे नाही. ते न्यायवृंदाचे काम. म्हणजे योग्यतेचा विचार फक्त एकाच बंद खोलीत होतो आणि त्या खोलीचे इतिवृत्त बाहेर येत नाही. नाव सुचवण्यापूर्वीची राजकीय पदे विचारात घेतली, अमुक कारणाने ती आड येत नाहीत असे वाटले, एवढी दोन वाक्ये ठरावात असती तर साठे प्रकरणाचा निम्मा धुरळा बसला असता. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२२ पासूनच्या नेमणुकांची यादी, आजी-माजी न्यायमूर्तींशी नाते आहे का या रकान्यासह, संकेतस्थळावर टाकली. नात्याचा रकाना चालतो, तर पक्षाचा का नको?

दुसरी जागा कामवाटपाची, वकिलांच्या भाषेत असाइनमेंटची. कोणत्या खंडपीठापुढे कोणत्या विषयाच्या याचिका जाणार हे मुख्य न्यायमूर्ती ठरवतात आणि १९९८ पासून तर सर्वोच्च न्यायालयानेही हा अधिकार एकट्या मुख्य न्यायमूर्तींचा असल्याचे स्पष्ट केलेले आहे. वाटपाचा तक्ता संकेतस्थळावर असतो. तक्त्यात बदल झाला की वकील आधी तारीख बघतात: नेहमीच्या फेरबदलात झाला की मधेच, एकच विषय हलला की सगळेच. मधेच आणि एकटाच हलला असेल, तर कॅन्टीनमध्ये चर्चा सुरू होते.

ऑगस्ट २०१७ चे प्रकरण या बाबतीत जपून ठेवण्यासारखे आहे. शांतता क्षेत्रांचा, म्हणजे रुग्णालये, शाळा, न्यायालये यांच्या आसपास ध्वनिवर्धकांना मनाई असलेल्या भागांचा प्रश्न न्या. अभय ओक यांच्या खंडपीठापुढे होता. केंद्राने १० ऑगस्टला नियम बदलून, राज्याने घोषित केल्याशिवाय कोणतेही क्षेत्र शांतता क्षेत्र नाही, असे केले होते आणि २५ तारखेला गणपती बसणार होते. आदल्या दिवशी राज्य सरकारने महाधिवक्त्यांमार्फत सांगितले की न्या. ओक सरकारबाबत पूर्वग्रह बाळगतात. न्या. ओक यांनी माघार घेतली नाही. आरोपाची नोंद करून सुनावणी चालू ठेवू म्हणाले. तेवढ्यात मुख्य न्यायमूर्ती मंजुळा चेल्लूर यांनी प्रकरणे दुसऱ्या खंडपीठाकडे वळवली. वकील संघटना उभ्या राहिल्या आणि २७ तारखेला, रविवारी, तो आदेश मागे घेऊन न्या. ओक यांचा समावेश असलेले तिघांचे पूर्णपीठ नेमले गेले. सरकारने माफी मागितली. सरकारने आरोप करावा हे एक वेळ समजू शकते, पक्षकार हताश झाला की न्यायाधीशाला दोष देतोच. पण प्रशासकीय बाजूने प्रकरण हलवण्याचा निर्णय काही तासांत होऊ शकतो आणि विरोध झाल्यावर तितक्याच वेगाने फिरतो, हे लोकांनी तेव्हा पाहिले.

बदल्यांबाबत फार लिहीत नाही. ‘न्यायदानाचे प्रशासन अधिक चांगले व्हावे म्हणून’ हे एकच ठरलेले वाक्य सगळ्यांना पुरते. मुंबईत काम केलेले न्या. अकिल कुरेशी यांचे नाव मे २०१९ मध्ये मध्य प्रदेशच्या मुख्य न्यायमूर्तिपदासाठी गेले आणि सरकारच्या आक्षेपानंतर त्रिपुरासाठी बदलले. ऑक्टोबर २०२५ मध्ये न्या. अतुल श्रीधरन यांची प्रस्तावित बदली छत्तीसगडऐवजी अलाहाबादला झाली, तेव्हा सरकारने फेरविचार मागितल्यामुळे असे न्यायवृंदाने चक्क लिहिले. कोणी मागितले ते कळले. का मागितले ते नाही.

कलकत्ता उच्च न्यायालयाचे उदाहरण जरा वेगळे आहे. शिक्षक भरतीत सीबीआय चौकशी लावणारे न्या. अभिजित गंगोपाध्याय यांनी चालू प्रकरणाशी संबंधित नेत्याबद्दल दूरचित्रवाहिनीला मुलाखत दिली, ५ मार्च २०२४ रोजी राजीनामा दिला, दोन दिवसांनी भाजपमध्ये गेले आणि जूनमध्ये तमलुकचे खासदार झाले. भरती घोटाळा खरा नव्हता का? होता. दुसऱ्या खंडपीठाने एप्रिल २०२४ मध्ये २५,७५३ नेमणुका रद्द केल्या आणि वर्षभराने सर्वोच्च न्यायालयाने त्या निर्णयावर शिक्कामोर्तब केले. पण तेव्हा बंगालमध्ये सत्तेत असलेल्या तृणमूलच्या हातात आयते कोलीत मिळाले, आणि ज्यांची नोकरी हक्काची होती त्यांचीही बाजू या गदारोळात बुडाली. गंमत अशी की अनुच्छेद २२० प्रमाणे निवृत्त न्यायमूर्तीला स्वतःच्याच उच्च न्यायालयात वकिली करता येत नाही, मात्र राजीनाम्याच्या दुसऱ्या दिवशी निवडणुकीचे तिकीट घेता येते. दोन वर्षे थांबा, एवढा नियम करायला कोणत्याच पक्षाने उत्साह दाखवलेला नाही.

सर्वसाधारण वाचकाला एखाद्या प्रकरणात काळेबेरे वाटले, तर त्याने निकालपत्रापेक्षा आधी रोजनामा, म्हणजे प्रकरणाची तारीखवार नोंद, बघावा. प्रकरणाचा सोळा अंक-अक्षरांचा सीएनआर क्रमांक टाकला की ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर तारखा आणि आदेश दिसतात. ‘स्टँड ओव्हर’, म्हणजे पुढची तारीख, किती वेळा, आणि कोणाच्या विनंतीवरून? अंतरिम स्थगिती आहे का? प्रकरण बोर्डावर, म्हणजे त्या दिवसाच्या सुनावणीच्या यादीत, नुसतेच राहिले की बोर्डावर आलेच नाही? इथे एक सावधगिरी हवी: न्यायालयाचा दिवस पाच तासांचा, म्हणजे तीनशे मिनिटांचा. बोर्डावर शंभर प्रकरणे असली तर वाट्याला तीन मिनिटे येतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या ९४ मंजूर पदांपैकी सगळी कधी भरलेली नसतात. त्यामुळे बहुतेक लांबणीमागे कट नसतो, वेळ संपलेली असते. पण वेळेचा फायदा कोणाला होतो, हे विचारायला हरकत नाही. १२ नामनियुक्त जागांची यादी राज्यपालांकडे गेली ६ नोव्हेंबर २०२० रोजी, नव्या सरकारने ती मागे घेतली सप्टेंबर २०२२ मध्ये, आणि त्याविरुद्धची याचिका फेटाळली गेली जानेवारी २०२५ मध्ये. तोवर मधली विधानसभाच संपून नवी निवडून आली होती.

हे सगळे लिहिले-बोलले तर अवमान होतो का, असे अनेक जण विचारतात. अंतिम निकाल लागलेल्या प्रकरणाच्या गुणदोषांवर रास्त टीका हा १९७१ च्या अवमान कायद्याच्या कलम ५ प्रमाणे अवमान नाही, आणि २००६ पासून सत्य हा बचावही कलम १३ मध्ये मान्य आहे, मात्र ते लोकहिताचे व प्रामाणिक हवे. ‘अमुक न्यायमूर्तींनी पैसे घेतले’ असे पुराव्याशिवाय लिहिणे वेगळे आणि ‘अमुक आदेशात कारण दिलेले नाही’ हे वेगळे.

अतिरिक्त, म्हणजे अजून कायम न झालेल्या, न्यायमूर्तींची पहिली नेमणूक जास्तीत जास्त दोन वर्षांची असते. कायम करण्यापूर्वी त्यांचे निकाल तपासले जातात. जानेवारी २०२१ मध्ये नागपूर खंडपीठाच्या न्या. पुष्पा गनेडीवाला यांना कायम करण्याची शिफारस याच टप्प्यावर मागे घेतली गेली होती. साठे आणि त्यांच्याबरोबर नेमलेल्या दोघांची ही वेळ २०२७ मध्ये येईल. कोणते निकाल तपासले, कोणी तपासले आणि काय मत झाले, हे तेव्हा एका पानात संकेतस्थळावर यावे, अशी मागणी वकील संघटनांनी आतापासूनच मुख्य न्यायमूर्तींकडे लेखी करायला हवी.

आपला,
उच्च न्यायालयात वकिली करणारा एक वाचक, मुंबई