अण्णांचा टीव्ही आणि सत्तावीस हजारांचा फरक

भुसावळ,
दसऱ्याआधीचा रविवार

प्रिय दिल्या,

काय भो, रागावलास ना? तुझ्या मेसेजांना नुसते अंगठे पाठवत राहिलो, ते बरं नव्हतं. इथे सगळे ठीक आहेत. माझी शुगर आटोक्यात, माईंचे गुडघे होते तसेच. आता मुद्द्यावर येतो, कारण हे शेवटपर्यंत ऐकून घेणारा तुझ्याशिवाय कुणी नाही.

अण्णांनी मोठा टीव्ही घ्यायचं ठरवलंय. केळीचे पैसे हातात आलेत आणि दसऱ्याला 65 इंची घरात हवा म्हणतात. मुन्नाने जळगावला जाऊन दोन मॉडेल पसंत केली. कंपनी एकच, माप एकच, समोरून बघितलं तर जुळी भावंडं. एक 64,990 ला, दुसरं 91,990 ला. मधल्या सत्तावीस हजारांवरून घरात दोन तट पडलेत. मुन्ना म्हणतो महागडाच, माई म्हणतात स्वस्तातला. आणि अण्णा? ‘दिल्या आणि तू ठरवा’, म्हणून मोकळे झाले. म्हणून हे पत्र.

मुन्नाचं पहिलं म्हणणं असं की 22 सप्टेंबर 2025 पासून मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी 28 चा 18 झाला, तेव्हा महागडा आता परवडतो. अरे, पण तो स्वस्तातल्यावरही तेवढाच उतरला! हिशेबाने किंमत पावणेआठ टक्क्यांच्या आसपास खाली येते, दोन्हींची. दोघांमधलं प्रमाण जागच्या जागी राहतं.

दुसरं म्हणणं क्रिकेटचं. महागडा 120 हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला 120 चित्रं दाखवणारा, स्वस्तातला 60. पण आपल्याकडे डिशवर मॅच येते ती 50 ची. उरलेली चित्रं टीव्ही स्वतःच्या अंदाजाने मधे भरतो. त्याने चेंडू गुळगुळीत दिसतो हे खरं, पण कधी बॅटच्या कडेला फाटल्यासारखं होतं आणि मालिकेतली माणसं उगाच भरभर हलल्यासारखी वाटतात. 120 चा खरा उपयोग नव्या गेमिंग कन्सोलला, तेही एचडीएमआय (चित्र आणि आवाज एकाच वायरीने नेणारी जोडणी) 2.1 चं पोर्ट असेल तर. अण्णांच्या घरात गेम खेळणारं कोण आहे? स्वस्तातल्यावर सेट टॉप बॉक्सचं आउटपुट 50 वर ठेवलं की बाउंड्रीकडे जाणारा कॅमेरा अडखळत नाही. 60 वर राहिलं तर अडखळतो, आणि लोक टीव्हीला नावं ठेवतात. खोक्यावर ‘मोशन 240’ लिहिलेलं असतं ते हर्ट्झ नव्हेत, हे मुन्नाला तूच सांग. माझं तो ऐकत नाही.

माझं मन डळमळतं ते उजेडापाशी. महागड्यात मिनी एलईडी आहे, मागचा उजेड झोनमध्ये कमीजास्त होतो, आणि एचडीआरला (उजेड-अंधारातला फरक जास्त दाखवणाऱ्या चित्राला) 700 निट्सच्या वर जातो; निट म्हणजे पडद्याच्या उजेडाचं माप. स्वस्तातला 300 च्या आसपास. तुला अण्णांची बैठक माहीत आहे, ओसरीचं दार दिवसभर सताड उघडं. 300 निट्स तिथे दुपारी फिके पडतील. पण याला उपाय आहे. टीव्ही दाराच्या समोरच्या भिंतीला न ठेवता आडव्या भिंतीला ठेवायचा आणि दाराला जाड पडदा लावायचा. समोर ठेवला तर 700 निट्सवाल्यातही ओसरीतली बाज दिसेल.

आता तू म्हणशील, काळा रंग? अंधारात महागड्याचा काळा खरोखर काळा दिसतो, कारण त्याचं पॅनल, म्हणजे पडदा, व्हीए जातीचा आहे, कॉन्ट्रास्ट (पांढऱ्या-काळ्यातला फरक) तीन हजारास एकच्या वर. स्वस्तातल्याचं आयपीएस जातीचं, हजारास एकच्या जवळपास, त्यामुळे रात्री दिवा घालवला की काळ्याला राखाडी झाक येते. मानलं. पण व्हीएच्या बाजूला सरकून बसलं की रंग उडतात, आणि अण्णांच्या बैठकीत समोर बसतो कोण? अण्णा एकटे. बाकी सगळी मंडळी भिंतीला टेकून सतरंजीवर, दोन्ही कडांना. कीर्तनाच्या वेळी तर दारापर्यंत. त्यांना आयपीएसच बरं. एकाच मालिकेतल्या 55 आणि 65 ला पॅनल वेगवेगळं निघू शकतं, आणि मॉडेल नंबरच्या शेवटचं एक अक्षर बदललं तरी आतला माल बदललेला असू शकतो. म्हणून मुन्नाला सांगितलंय, बिलावरचा नंबर खोक्यावरच्या नंबराशी अक्षर न् अक्षर ताडून घे.

आणि एक गोष्ट कुणी बोलतच नाही. अण्णा बघतात काय? साधी, एचडी नसलेली चॅनेलं. त्या चित्रात 720 गुणिले 576, म्हणजे सव्वाचार लाखांच्या आत ठिपके. फोर-केच्या पडद्यावर सुमारे 83 लाख. म्हणजे वीसपैकी एकोणीस ठिपके टीव्हीने मनाने रंगवायचे! महागड्याचा प्रोसेसर ते जरा बरं करतो, पण दोन्हींवर माणसाचा चेहरा मेणासारखा गुळगुळीतच होणार. एचडी बॉक्स आणि एचडी पॅक घेतला की ठिपके पाचपट होतात. त्याने पडतो तेवढा फरक सत्तावीस हजारांनी पडत नाही.

अंतराची चिंता करू नकोस. 65 ला साडेसहा ते पावणेनऊ फूट चांगलं, अण्णांची खुर्ची दहा फुटांवर, थोडी पुढे ओढली की झालं. तू 75 चा आग्रह धरशील हे मला माहीत आहे. फ्लॅट पिक्चर ट्यूबच्या वेळीही तू असाच हटून बसला होतास आणि बापू दोन दिवस आपल्या दोघांशी बोलले नव्हते. या वेळी नको.

तर माझं मत असं. 64,990 चा घ्यावा आणि उरलेल्या पैशातून अण्णांचे कान सांभाळावेत. दिल्या, अण्णांना आता संवाद नीट कळत नाहीत. हे घरात कुणी बोलत नाही, पण ‘काय म्हणाला तो?’ असं ते सारखं विचारतात. दोन्ही टीव्हींचा आवाज 20 वॉटच आणि स्पीकरचं तोंड खाली. 91,990 देऊनही त्यांना ऐकू येणार नाही ते नाहीच. त्यापेक्षा 3.1 चा साउंडबार घ्यावा, ज्यात संवादासाठी मधला स्पीकर वेगळा असतो. इथे साधारण चौदा हजारांत बसतो. तो एचडीएमआयच्या एआरसी लिहिलेल्या (टीव्हीचा आवाज बाहेर पाठवणाऱ्या) पोर्टलाच जोडायचा, दुसऱ्यात लावला तर आवाज येत नाही. सेटिंगमध्ये सीईसी चालू केलं की टीव्हीच्याच रिमोटने आवाज कमीजास्त होतो, अण्णांच्या हातात दुसरा रिमोट नको. जोडूनही मुका राहिला तर ऑडिओ आउटपुट पीसीएमवर, म्हणजे साध्या, न दाबलेल्या आवाजावर टाकायचं.

राहिलेल्यात अर्थिंग आणि चांगला स्टॅबिलायझर. शिवाराकडचे पंप एकदम बंद झाले की व्होल्टेज कसं उसळतं ते तू पाहिलंयस. आणि खांबावरचा न्यूट्रल तुटला तर घरात 230 च्या जागी 400 च्या आसपास येतात, मग पॉवर सप्लाय जागेवर जळतो. म्हणून हाय कटचा घ्यायचा, 270 च्या आत तोडणारा. वळवाच्या पावसात प्लगबरोबर डिशची वायरही काढायची, वीज बऱ्याचदा त्या वायरीतून बॉक्समध्ये आणि तिथून एचडीएमआयमध्ये शिरते. नुसता प्लग काढून उपयोग नाही.

भिंतीवर टांगायचं मुन्नाच्या डोक्यात आहे, ते मात्र मी होऊ देणार नाही. ती भिंत मातीत बांधलेली. वीस-बावीस किलोचं वजन, ड्रिल घातलं की भुसा पडतो, खुंटी धरतच नाही. टेबलावरच ठेवायचा. टीव्ही रुंदीला 145 सेंटिमीटर, पण त्याच्या पायांमधलं अंतर मोजून घ्यायचं, काही मॉडेलचे पाय अगदी टोकांना असतात. माईंचं टेबल चार फुटांचं, म्हणजे 122 सेंटिमीटर. पाय त्याच्या बाहेर गेले तर टेबल बदलावं लागेल आणि माई ते बदलू देणार नाहीत.

मुन्ना सगळ्यांचं ऐकून फक्त तुझं मानतो, लहानपणापासून. तू त्याला फोन करून एवढंच म्हण, की दुकानात दोन्ही टीव्ही ‘होम’ किंवा ‘स्टँडर्ड’ मोडवर घ्यायला लाव (दुकानात ते भडक मोडवर असतात), दोन्हींवर तेच साधं चॅनेल लाव आणि एकदा बाजूला जमिनीवर बसून बघ. पेन ड्राइव्हवर पूर्ण करड्या रंगाचं चित्र नेलं तर डाग आणि पट्टेही दिसतील. बघून आल्यावरही तो महागड्यावर ठाम राहिला तर मी भांडणार नाही, पण साउंडबार मग अण्णांना मी स्वतः घेऊन देईन.

तुझ्या छकुलीचा बारावीचा क्लास कसा चाललाय? सुरतचं नवं घर लागलं का मनाला? वहिनींना नमस्कार. दिवाळीला येशील तेव्हा भरीत-पुरीचा बेत नक्की.

तुझाच,
भाऊ

ता. क. टीव्ही टेम्पोतून आडवा आणू देऊ नका, उभाच आणायचा. खोकं कंपनीच्या माणसासमोरच उघडायचं आणि उघडताना मोबाइलवर शूटिंग करायचं. फुटलेलं पॅनल वॉरंटीत बसत नाही आणि नव्या पॅनलची किंमत नव्या टीव्हीच्या जवळ जाते. मुन्नाला हेही सांग.